रुमालाखालचा भाव

हार्दिक पांड्या मुंबई इंडियन्समध्ये परत आला, त्यानंतर दोन हंगाम खेळून झाले. तरीही हा सौदा फायद्याचा झाला की तोट्याचा, यावर पुसदच्या पानटपऱ्यांवर अजून हातघाई होते. एका बाजूला रोहितवाले, दुसऱ्या बाजूला हार्दिकवाले. मला या दोन्ही पक्षांशी भांडायचं आहे. दोघंही एका अशा सौद्याचा हिशेब मांडून बसलेत ज्याची किंमत त्यांना कोणी सांगितलेलीच नाही, आणि ती का सांगितली नाही, हे विचारायचं दोघांच्याही मनात येत नाही. राग सगळा खेळाडूवर निघतो. ज्यांनी व्यवहार केला ते मालक पॅव्हेलियनमध्ये टाळ्या वाजवत बसतात.

आधी जे उघड आहे ते मांडू. २०१५ मध्ये मुंबईनं हार्दिकला १० लाखांच्या मूळ किमतीत घेतलं. सात हंगाम तो तिथे खेळला, २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० अशा चार विजेतेपदांत त्याचा वाटा होता. २०२२ च्या मोठ्या लिलावाआधी मुंबईनं त्याला सोडलं. गुजरात टायटन्स या नव्या संघानं १५ कोटींना घेऊन त्याला कर्णधार केलं. पहिल्याच वर्षी गुजरात विजेता, दुसऱ्या वर्षी उपविजेता. मग नोव्हेंबर २०२३ मध्ये, खेळाडू राखून ठेवायच्या यादीत गुजरातनं त्याचं नाव दिलं आणि काही तासांतच तो मुंबईचा झाला. बदल्यात मुंबईनं एकही खेळाडू दिला नाही, सगळा रोखीचा मामला. पर्समध्ये जागा करायला कॅमेरॉन ग्रीन साडेसतरा कोटींना बंगळुरूला गेला, तोही रोखीनंच. १५ डिसेंबर २०२३ ला मुंबईनं जाहीर केलं की रोहित शर्माच्या जागी आता हार्दिक कर्णधार.

आता हे पंधरा कोटी म्हणजे काय, ते नीट समजून घ्यायला हवं, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. पंधरा कोटी हा हार्दिकचा तेव्हाचा वर्षाचा पगार. ती सौद्याची किंमत नव्हे. किंमत म्हणजे मुंबईनं गुजरातला मोजलेली ट्रान्सफर फी. ती पगारापेक्षा वेगळी असते, संघाच्या पर्समधून वजा होत नाही आणि जाहीरही होत नाही. खेळाडूला तिच्यातला काही वाटा मिळण्याची तरतूद आहे, पण तो वाटा किती हेही बाहेर येत नाही. आकडा नसला की अफवांना ऊत येतो, तसा तेव्हाही आला. टपरीवर ज्याला जो आकडा आवडला तो त्यानं खरा मानला.

आमच्याकडच्या बैलबाजारात हा प्रकार म्हाताऱ्या माणसांनी चांगला पाहिलेला आहे. दोन दलाल हात हातात घेतात, वरून उपरणं किंवा रुमाल टाकतात आणि आत बोटं दाबून भाव ठरतो. भोवती पन्नास माणसं उभी असतात. बैल सगळ्यांना दिसतो, त्याचे दात सगळे मोजतात, भाव मात्र दोघांनाच कळतो. ज्याचा बैल तो शेतकरीही कधीकधी त्या रुमालाबाहेरच असतो. आयपीएलची ट्रेड विंडो हा असाच एक मोठा रुमाल आहे.

आणि हे वऱ्हाडातल्या माणसाला खटकायला हवं. १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशानं कारंज्याला, म्हणजे आजच्या वाशीम जिल्ह्यात, देशातली पहिली नियंत्रित कापूस बाजारपेठ उभी राहिली. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला. त्यामागे इंग्रजांचा परोपकार नव्हता, विलायतेतल्या गिरण्यांना नीट कापूस हवा होता. पण त्यातून एक तत्त्व रुजलं, की माल चारचौघांत मोजला जावा आणि भाव चारचौघांत बोलला जावा. स्वातंत्र्यानंतर बाजार समित्यांनी उघड लिलावाचा आग्रह धरला तो याच कारणानं. समित्यांमध्ये पुढे काय काय झालं ते आपण जाणतो, त्यावर वेगळा लेख होईल. तरी भाव लपवणं ही लबाडी आहे, इतकं तरी आपल्या भागात सव्वाशे वर्षांपूर्वीच ठरलं होतं.

एखादा मोठा ट्रेड तोलायचा कसा, याचा पाठ बेसबॉलकडून घेता येतो, कारण तिथे हा खेळाइतकाच जुना छंद आहे. २ ऑगस्ट २०२२ ला वॉशिंग्टन नॅशनल्सनं हुआन सोटो हा आपला तेवीस वर्षांचा सर्वांत मोठा फटकेबाज सॅन डिएगो पाद्रेसला दिला. त्याआधी त्यानं पंधरा वर्षांसाठी ४४ कोटी डॉलरचा करार नाकारला होता. सोटो आणि जोश बेल यांच्या बदल्यात वॉशिंग्टनला सहा जण मिळाले. त्यातले बहुतेक तेव्हाच नावाजलेले होतकरू पोरगे होते. आज त्या यादीतले सीजे एब्रम्स, मॅकेन्झी गोर आणि जेम्स वूड हे तिघं ऑल-स्टार झालेले आहेत. सोटो पाद्रेसकडून यांकीजकडे आणि तिथून पंधरा वर्षांच्या ७६.५ कोटी डॉलरच्या करारावर मेट्सकडे गेला. सौदा कोणाच्या पथ्यावर पडला, यावर तिथला चाहता दरवर्षी नवा निकाल देऊ शकतो, कारण तराजूच्या दोन्ही पारड्यांत नावं आहेत. इतकंच काय, १९१९ च्या डिसेंबरात बॉस्टननं बेब रूथला न्यू यॉर्कला विकलं, तो १ लाख डॉलरचा भाव आज शाळकरी पोरांनाही सांगता येतो. शंभर वर्षांपूर्वीच्या रूथचा भाव इतिहासाला माहीत आहे. २०२३ च्या हार्दिकचा नाही.

तरी जेवढं दिसतं तेवढ्यावर सौदा तोलून पाहू. मुंबईला काय हवं होतं? वेगवान गोलंदाजी टाकणारा आणि शेवटच्या पाच षटकांत सामना फिरवणारा भारतीय अष्टपैलू. असा माणूस देशात एकच होता, आणि दुर्मीळ मालाला जास्त भाव द्यावा लागतो, हे मान्य. पण २०२३ पासून आयपीएलमध्ये इम्पॅक्ट प्लेयरचा नियम आला होता. एक फलंदाज काढून त्याच्या जागी गोलंदाज घालता येऊ लागला, तेव्हा दोन्ही कामं एकट्यानं करणाऱ्याची गरज उलट कमी झाली. थोडक्यात, ज्या मालाची निकड नियमानं नुकतीच घटवली होती, तोच माल मुंबईनं चढ्या भावानं उचलला. शिवाय हातातला ग्रीन दिला. तोही अष्टपैलूच, आणि २०२३ मध्ये त्यानं वानखेडेवर शतक ठोकून मुंबईला प्लेऑफमध्ये नेलं होतं.

आणि किमतीचा सर्वांत जड भाग पैशांत नव्हताच. दोनदा अंतिम फेरी गाठलेला कर्णधार साधा खेळाडू म्हणून परत कशाला येईल? कर्णधारपद या सौद्याचा भाग होतं की नव्हतं, हे कोणी जाहीर केलं नाही. पण सौदा आणि नेमणूक यांच्यात तीन आठवड्यांचंही अंतर नव्हतं, यावरून ज्यानं त्यानं काय ते ओळखावं. पाच विजेतेपदं मिळवून देणारा कर्णधार बाजूला झाला, संघाची घडी विस्कटली. हे सगळं त्या सौद्याच्या खात्यात खर्ची टाकायला हवं.

निकाल? २०२४ मध्ये मुंबई चौदापैकी चार सामने जिंकून दहाव्या, म्हणजे शेवटच्या स्थानावर. हार्दिकच्या २१६ धावा आणि ११ बळी. गुजरातही आठव्या स्थानी घसरला, म्हणजे त्या वर्षी दोघांचंही नुकसान. २०२५ मध्ये चित्र पालटलं. लखनौविरुद्ध हार्दिकनं ३६ धावांत ५ बळी घेतले, मुंबई प्लेऑफमध्ये गेली, एलिमिनेटरमध्ये तिनं गुजरातलाच हरवलं आणि पुढच्या सामन्यात पंजाबकडून हरली. पण त्याच हंगामात गुजरातच्या साई सुदर्शननं सर्वाधिक ७५९ धावा केल्या, प्रसिद्ध कृष्णानं सर्वाधिक २५ बळी घेतले आणि साखळीत गुजरात मुंबईच्या एक जागा वर राहिला. हार्दिकशिवाय. माझ्या मते क्रिकेटच्या पारड्यात हा सौदा मुंबईला महाग पडला. पण किती महाग, हे मला सांगता येत नाही, आणि कोणालाच येत नाही, कारण दुसऱ्या पारड्यावर रुमाल टाकलेला आहे.

मग चाहत्यांनी काय केलं? अहमदाबादला हुर्यो, हैदराबादला हुर्यो आणि १ एप्रिल २०२४ ला वानखेडेवर, आपल्याच घरी, आपल्याच कर्णधाराची हुर्यो. नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना जरा नीट वागा म्हणावं लागलं. तीन महिन्यांनी, २९ जूनला, बार्बाडोसच्या अंतिम सामन्यात हार्दिकनं आधी क्लासेनला आणि शेवटच्या षटकात मिलरला बाद केलं. ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा जयघोष झाला. लोक म्हणाले, झालं गेलं विसरा. मी म्हणतो, विसरू नका. कारण यातून दिसलं ते एवढंच, की तो राग कोणत्याही तत्त्वाचा नव्हता. तत्त्वाचा असता तर एका झेलानं विरला नसता.

गद्दार, हा त्या दिवसांतला लाडका शब्द. गद्दारी कोणाशी? ज्या मुंबईनं त्याला २०२२ ला सोडलं तिच्याशी, की ज्या गुजरातनं पैसे घेऊन त्याला विकलं तिच्याशी? आणि निष्ठेचा दाखला म्हणून ज्या रोहितचं नाव घेतलं जातं, तो तरी मुंबई इंडियन्समध्ये कसा आला? आमच्या नागपुरात जन्मलेला आणि बोरिवलीत वाढलेला हा मुलगा आधी डेक्कन चार्जर्सचा होता. २००९ ला त्यांच्याबरोबर त्यानं आयपीएल जिंकली, आणि त्याच हंगामात त्यानं हॅटट्रिक घेतली ती मुंबई इंडियन्सविरुद्ध. २०११ च्या लिलावात मुंबईनं २० लाख डॉलर मोजले म्हणून तो मुंबईचा झाला. आयपीएलमधली पहिली अदलाबदल तर त्याच २००९ ची. श्रीरामपूरचा झहीर खान बंगळुरूहून मुंबईला आला आणि रॉबिन उथप्पा तिकडे गेला. तेव्हा कोणी कोणाला गद्दार म्हटलं नाही.

विदर्भाच्या माणसानं तर हा शब्द उच्चारूच नये. आमची पहिली रणजी ट्रॉफी, २०१७-१८ ची, मुंबईहून आलेला वसीम जाफर आणि कर्नाटकातून आलेला गणेश सतीश यांना सोबत घेऊन जिंकलेली आहे. मार्च २०२५ मध्ये नागपूरला केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात करुण नायरनं ८६ आणि १३५ धावा केल्या, तोही कर्नाटकचाच. पुढच्या हंगामात तो परत घरी गेला. अमरावतीचा जितेश शर्मा बडोद्याला गेला. आपल्याकडे आला तो पाहुणा आणि आपल्याकडून गेला तो गद्दार, असला हिशेब चालत नाही.

आणि घरात बघा. माझ्या पिढीतली पुसदची निम्मी इंजिनीअर पोरं पुण्यात, हैदराबादेत किंवा बंगळुरूत आहेत. दोन वर्षांत कंपनी बदलली, पगार चाळीस टक्के वाढला, की घरी पेढे वाटतात. सोडलेल्या कंपनीतच दीडपट पगारावर परत गेला तर त्याला हुशार म्हणतात. मीही याच धंद्यात आहे आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. कष्ट विकणाऱ्यानं चांगला भाव मागावा. मग जो माणूस तीसपस्तीस वर्षांपर्यंतच खेळणार आहे, ज्याचा एक घोटा किंवा पाठ गेली की संपलं, त्यानं तेच केलं तर ती फितुरी कशी होते?

पण या सगळ्यात एक खरा अन्याय आहे. तो पाहायचा तर रवींद्र जडेजाकडे पाहावं लागतं. २०१० मध्ये हा एकवीस वर्षांचा मुलगा राजस्थान रॉयल्सशी नवा करार न करता दुसऱ्या संघाशी स्वतः बोलायला गेला. शिक्षा काय, तर त्या वर्षीच्या आयपीएलमधून हकालपट्टी. त्याच २०१० च्या लिलावात कायरन पोलार्डसाठी चार संघांची बोली साडेसात लाख डॉलरच्या कमाल मर्यादेला टेकली. मग बंद पाकिटातून गुप्त बोल्या मागवल्या आणि मुंबईनं तो जिंकला. पाकिटातला आकडा जाहीर झाला नाही आणि वरचे पैसे पोलार्डला न मिळता मंडळाकडे गेले. २०१२ मध्ये खुद्द जडेजाही २० लाख डॉलरच्या बोलीवर अशाच पाकिटातून चेन्नईचा झाला. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये? संजू सॅमसन १८ कोटींवर चेन्नईला गेला आणि त्याच्या बदल्यात जडेजा व सॅम करन राजस्थानला. जडेजाचा आकडा १८ कोटींवरून १४ वर आला. ज्या संघाशी करार केला नाही म्हणून त्याला घरी बसवलं होतं, त्याच संघाकडे पंधरा वर्षांनी मालकांच्या बोलण्यातून तो परत गेला.

हे दोन प्रसंग शेजारी ठेवून बघा. खेळाडू दुसऱ्या मालकाशी बोलला, तो शिस्तभंग. मालक दुसऱ्या मालकाशी बोलला, ती व्यूहरचना. ट्रेडला खेळाडूची संमती लागते हे खरं, आणि तेवढ्यापुरता आपला नियम अमेरिकेच्या जुन्या नियमापेक्षा बरा आहे. तिथे १९६९ मध्ये कर्ट फ्लडला सेंट लुईसनं न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. तो नाही म्हणाला, कोर्टात गेला आणि १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध तीन असा हरला. त्याची कारकीर्द संपली, पण तीन वर्षांनी लवादानं बाकीच्यांसाठी ती बेडी तोडली. आपल्याकडे फ्लड झाला नाही. एकवीस वर्षांच्या जडेजाला एक वर्ष घरी बसवलं आणि बाकीच्यांनी धडा घेतला.

यावर ठरलेलं उत्तर येतं, की हा खासगी कंपन्यांचा व्यवहार आहे, त्यांचे पैसे, तुम्हाला काय करायचंय? उत्तर सोपं आहे. खासगी असेल तर पगारही खासगी ठेवा. ते तर हातोडा आपटून, टीव्हीवर, साऱ्या देशासमोर सांगितले जातात. २०१५ मध्ये बडोद्याच्या एका गरीब घरातल्या पोराला १० लाख मिळाले हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. जो विकला गेला नाही त्याचं नावसुद्धा पडद्यावर झळकतं आणि त्याची आई ते बघते. तेव्हा गोपनीयता कोणाला आठवत नाही. ती फक्त तेव्हा आठवते, जेव्हा एक मालक दुसऱ्या मालकाच्या हातावर पैसे ठेवतो.

दुसरी गोष्ट पर्सची. २०२४ साठी प्रत्येक संघाला १०० कोटींची मर्यादा होती. ही मर्यादा म्हणजे प्रेक्षकाला दिलेलं वचन आहे, की इथे ज्याची तिजोरी मोठी तोच जिंकेल असं होणार नाही. मग तिजोरीतून हवे तितके पैसे मर्यादेबाहेर मोजून दुसऱ्या संघाचा कर्णधार उचलता येत असेल, तर ती मर्यादा कोणासाठी आहे? सॉफ्टवेअरमध्ये आम्ही असं कुलूप बसवत नाही ज्याची किल्ली पायपुसण्याखाली ठेवलेली असते. आणि बसवलंच, तर त्याला सुरक्षा म्हणत नाही. २०२५ ची सॅमसन-जडेजा अदलाबदल मला म्हणूनच बरी वाटते. चेन्नईवाला रडो की राजस्थानवाला, कोण दिलं, कोण घेतलं आणि कोणाचा पगार किती, हे समोर आहे. तिच्यावर वाद घालण्यात अर्थ आहे.

माझ्या मागण्या तीनच आहेत. ट्रान्सफर फीचा आकडा व्यवहाराच्याच दिवशी जाहीर व्हावा. तो संघाच्या पर्समधून, निदान काही प्रमाणात, वजा व्हावा. आणि त्यातला खेळाडूचा वाटा नियमानं ठरलेला असावा, कोणाच्या मर्जीवर सोडलेला नसावा. यासाठी नवा कायदा लागत नाही, मंडळाचं एक पत्रक पुरे. ते निघत नाही, कारण आपण मागत नाही. आपली सगळी ताकद हुर्यो उडवण्यात खर्च होते, आणि तीही नेमकी त्या एका माणसावर ज्याचा पगार तरी आपल्याला ठाऊक होता.

पुढच्या ट्रेड विंडोत पुन्हा एखादं मोठं नाव इकडून तिकडे जाईल. तेव्हा टपरीवर हातघाई जरूर करा, मीही करीन. फक्त तो निष्ठावान की गद्दार, हे ठरवण्याआधी एक प्रश्न विचारा, आणि तो खेळाडूला विचारू नका. रुमाल ज्यांच्या हातावर आहे त्यांना विचारा: भाव काय ठरला?